ढगाळ उजेडातला तरंगा

“भाभी, बादल हो तो अंकल को अकेला मत छोडना. धूप नहीं दिखती, पर गरमी तो रहती है,” शेजारच्या फिरदोसने लिफ्टच्या दारात सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो. आबांच्या खांद्यावरच्या गळाच्या काठीला लटकलेलो. आबांची सून मंजुषा गोड हसून “हां हां, जरूर” म्हणाली. लिफ्टचं दार मिटल्यावर मात्र पुटपुटली, “सासऱ्याला घराबाहेर काढते म्हणून टोमणा मारतेय. न कळायला मी काय लहान आहे?”

मित्रांनो, मी गळाच्या दोरीवरचा एक म्हातारा तरंगा. पाण्यावर डोलत राहायचं आणि खाली मासा लागला की बुडून खूण करायची, हे माझं काम. दुकानातला नाही हं मी! गुहागरला आबांनी त्यांच्या मुलाच्या, दत्तप्रसादच्या, तुटक्या स्लिपरची टाच कापून मला घडवलं. खाडीवर लोक म्हणायचे, “आबांचा तरंगा खोटं बोलत नाही.” पुढे आबांचे गुडघे धरले आणि मी बिस्किटाच्या डब्यात पडून राहिलो. आजी गेल्यावर दत्तप्रसादने आबांना दुबईला आणलं, तेव्हा डब्यासकट मीही अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये आलो. नात ओवीने मला लाल नेलपॉलिश लावलं आणि म्हणाली, “नाऊ यू लुक प्रिटी!”

माझा धंदाच संशयाचा. जरा हललो की मनात येतं, ही लाट, वारा, की कुणी खालून हुंगतंय? उथळ पाण्यातले मासेही तसेच. लख्ख उन्हात त्यांना माणसाची सावलीसुद्धा खपत नाही. तिवरांच्या मुळांत दडून बसतात. ढग आले, उजेड मवाळ झाला, वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुती पडली, की तेच मासे बिनधास्त काठाशी येतात. म्हणून आबांना ढगाळ दिवस प्यारा.

मंजुषा आम्हा सगळ्यांहून संशयी. दूध दोनदा हुंगायची, दाराच्या भिंगातून तीनदा बघायची. उन्हावर तर तिचा भारी राग. ऊन असलं की टोपी, पाणी, दर थोड्या वेळाने हाका. ढग दिसले की मात्र तीही निर्धास्त आणि आबाही. कोकणातली माणसं ना! ढग म्हणजे गारवा, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं. दत्तप्रसाद कामासाठी मस्कतला गेलेला. मासेमारीचा परवाना खिशात घालून आबा निघाले. मंजुषाने गाडी काढली, ओवीलाही बरोबर घेतलं. उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी आबा घडीच्या खुर्चीवर बसले.

“आबा, पाणी?”

“अगं, ऊन कुठाय? नंतर पितो. तू हो गाडीत, पोरीला घाम फुटलाय.”

ती एसीत जाऊन बसली. तिथून आबांची पाठ दिसत होती. पण तिचं लक्ष होतं शेजारच्या पिकअपवर. आत एक माणूस नुसताच बसलेला. “हा कशाला थांबलाय इथे? ओवी, दार लॉक कर.”

मला मात्र आबांचंच खटकत होतं. हवा चिकट, वारा पडलेला. आबा एरवी माझ्याशी बोलतात, मासे आले नाहीत तर शिव्याही घालतात. आज गप्प. काठी गुडघ्यांत अडकवलेली. तेवढ्यात एका तांबोशी माशाने गळ ओढला. मी बुडालो, आणि नेहमीच्या हिसक्याची वाट बघत राहिलो.

हिसका आलाच नाही.

गाडीत ओवी ओरडली, “मम्मा, रेड डॉट इज गॉन! आबा पुल करत नाहीयेत!”

“खेळवत असतील गं माशाला,” म्हणता म्हणता मंजुषा थबकली. आबा आणि मासा सोडतील? ती धावली. आबांचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. “दत्तू, होडी ओढ रे,” असं काहीतरी ते बरळले.

पिकअपमधला माणूसही पळत आला. “बहेनजी, मैं मोईन. बर्फ है मेरे पास!” माशांसाठी आणलेला बर्फ त्याने आबांच्या मानेवर, काखेत दाबला. मंजुषाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जागेचा पत्ता मोईननेच सांगितला.

आबा वाचले. मासा गेला, आणि त्याचं दुःख ते अजून सांगतात. परवा फिरदोसच्या दारात मंजुषा शिऱ्याची वाटी घेऊन उभी होती. काही बोलायच्या आत रडलीच. “यल्ला, अंदर आओ, शीरा ठंडा होगा,” फिरदोस म्हणाली. घरात आबा ओवीला समजावत होते, “आपल्याकडे ढग छत्री धरतो गो. हितं तो पातेल्यावर झाकण ठेवतो.”

मित्रांनो, मी आता दाराजवळच्या खुंटीवर असतो. आभाळ दाटलं की माझी शंका जागी होते, कुणाचं तरी माणूस कुठेतरी पाठमोरं, शांत बसलेलं असेल. दुरून पाठ दिसते, म्हणून खुशाल राहू नका. तुमच्या घरातलं, शेजारचं, बाल्कनीतलं, बागेतल्या बाकावरचं ते माणूस आठवा. जवळ जा, हाक मारा, पाणी हातात द्या. “मी बरा आहे” म्हणालं तरी कपाळाला हात लावून बघा.

आत्ताच जाऊन या. माझं काय, मी इथे खुंटीवरच आहे.