कपाटापलीकडचा फुगा

वर्गात तिला सगळे ‘हे-ते’ म्हणत. नाव तिच्याच गटातल्या लांब्याने पाडलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. प्रयोगाला बसली की तिचे हात भराभर चालत आणि तोंडातून एवढंच निघे, “हे धर. ते तिकडे नको, असं. हां, आता बघ!” टेबलाभोवती बसलेल्यांना तेवढं पुरे होई. सगळं डोळ्यांसमोरच तर असायचं.

त्या दिवशी मात्र विज्ञानाच्या बाईंनी वर्गाच्या मधोमध कपाट आडवं लावलं. अलीकडच्या गटाने प्रयोग करायचा, मग एकाने तो तोंडाने सांगायचा. पलीकडच्या गटाने ऐकून तसाच करायचा. त्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त ‘झालं’ म्हणायचं. संधी दोनदा. पलीकडे जमलं, तर सांगणाऱ्या गटाला आठवडाभर सूक्ष्मदर्शक.

हे-तेने खिशातली काडेपेटी चाचपली. आत माशीचा पंख होता, महिनाभर जपलेला.

कोणी बोलायचं त्याची चिठ्ठी काढली. निघाली तिचीच.

“मेलो,” लांब्या म्हणाला.

प्रयोग तसा साधा होता. काचेच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा ओढून बसवायचा आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करायची. फुगा आळस दिल्यासारखा हळूहळू मान वर काढतो. त्यांचा पहिल्या फटक्यात उभा राहिला.

गटातली तिसरी पुस्तकासारखी बोलायची, म्हणून ती पोथी. तिने हे-तेच्या हातात कागद ठेवला. “घाबरू नकोस. तू फक्त वाच.”

हे-तेने घसा साफ करून वाचलं, “बाटली उष्ण जलात ठेवली असता आतील हवेचे प्रसरण होते व मुखावर बसवलेल्या फुग्याचे आकारमान वाढते.”

पलीकडे खुडबुड झाली, पाणी डुचमळलं. शेवटी पलीकडच्या गटातला घोगऱ्या ओरडला, “बाई, झालं! म्हणजे केलं, पण झालं काहीच नाही. फुगा मेल्यासारखा लोंबतोय.”

“बाहेर काढून ठेवा बाटली,” बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने पलीकडे एकच हशा पिकला. “बाई, आमचा फुगा बाटलीच्या आत पळाला!”

लांब्याने कपाळावर हात मारला. हे-तेने मात्र कागद पुन्हा वाचला. आत? गार होणाऱ्या बाटलीने फुगा आत ओढला, म्हणजे तिच्यात हवा कमी होती. म्हणजे बाटली आधी तापली, हवा उघड्या तोंडातून निघून गेली, आणि फुगा नंतर बसला!

“अगं, आधी काय करायचं ते ह्यात कुठाय?” तिने कागद फडकवला.

“वाक्य बरोबर आहे,” पोथी फुरंगटून म्हणाली.

“बरोबर आहे गं. पण आपण प्रयोग पाहिलाय म्हणून आपल्याला कळतं.”

तिला बाबा आठवले. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करत. जेवताना गिऱ्हाइकाचा फोन आला की एका हाताने घास घेत सांगत, “आधी वीज बंद करा. केलीत? आता पंपाच्या वरच्या बाजूला पितळी झाकण आहे, ते डावीकडे फिरवा.” न पाहिलेल्या माणसाच्या हातांनी ते काम करून घेत.

ती कपाटाला अगदी चिकटून उभी राहिली. “आता ते...” जीभ चावून तिने पुन्हा सुरुवात केली. “दुसरी बाटली घ्या. गार असलेली.”

“झालं.”

“आधी फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून बसवा. पाण्याला अजून हात लावायचा नाही.”

“झालं.”

“फुग्याच्या कडेने हवा जायला फट नाही ना, बोट फिरवून बघा.”

“झालं.”

“आता बाटली गरम पाण्यात उभी करा. धरून ठेवा.”

लांब्याने डोळे मिटून घेतले. पोथी नखं खाऊ लागली.

“उठला!” घोगऱ्या किंचाळला. “अरे, बघ कसा उठतोय!”

“का उठला?” बाईंनी कपाटाच्या अलीकडे डोकावून विचारलं.

“आतली हवा तापली, तिला जास्त जागा लागली, बाहेर जायला वाट नव्हती म्हणून ती फुग्यात...” हे-तेला धाप लागली. मग तिने पोथीकडे पाहिलं. “प्रसरण झालं.”

“बघ!” पोथी खुलली. “माझ्या एका शब्दात तुझं सगळं मावलं की नाही?”

“मावलं. पण आधी फुगा बसव म्हणायला मीच लागले.”

मधल्या सुट्टीत तिघांनी सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेला. हे-तेने पंख काचपट्टीवर ठेवला, डोळा लावला आणि श्वास रोखला. “अय्या! हे बघ! ते कसं असं असं गेलंय!”

“काय हे? कुठलं ते?” लांब्या मागे उड्या मारत होता. “आम्हाला दिसत नाहीये गं! नावानिशी सांग!”

“आधी,” पोथी गंभीरपणे म्हणाली, “तिथून डोकं बाजूला कर.”

हे-ते हसायलाच लागली. डोकं मात्र तिने हलवलं नाही.