टाकीतलं नवं औषध

कारखान्यात पुर्जे धुवायच्या टाकीत वीस वर्षं एकच औषध होतं. ग्रीस, तेल झटक्यात सोडवायचं. माणसाला मात्र सोडत नसे. डोकं गरगरायचं, भूक मरायची. टाकी घासायला आत उतरलेले दोघे वर आले ते लोकांच्या खांद्यावरून. पण ते पेटत नसे, म्हणून वेल्डर टाकीला खेटूनच जोडकाम करायचा.

सोमवारी त्याच्या जागी नवं औषध आलं. साहेबाने सांगितलं, याने डोकं फिरत नाही. सगळे खूश. पिंपावरची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली ती एकट्या टाकीवाल्याने, अक्षरं लावत लावत.

दुपारी टाकीची जाळी तुटली. वेल्डर केबल ओढत आला. तो टाकीवाल्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"दाजी, जाळी बाहेर नेऊन जोडा. हे पेटतं."

"त्या विषाशेजारी वीस वर्षं ठिणग्या पाडल्या मी. हे तर चांगलं आहे म्हणतात."

"चिठ्ठीवर लिहिलंय."

"वाचायला आलं म्हणून लगेच पंडित झालास?"

माणसं हसली. टाकीवाल्याने केबल धरली. दाजींनी थोबाडीत दिली. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याने दाजींवर हात उगारला आणि ओठ फोडला. दोघे तेलकट फरशीवर लोळले. दाजींनी त्याचं डोकं लोखंडी पायरीवर आपटलं, पुन्हा आपटलं. कानातून रक्त आलं. मग दाजी उठले, तोंडावर काच ओढली, वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर उचलला.

टाकीवर वाफ थरथरत होती. पलीकडे तिघी जणी पुर्जे पुसत होत्या.

टाकीवाल्याच्या हाताला मोठा पाना लागला. त्याने तो दाजींच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. होल्डर लाकडी फळीवर पडला. दाजी गुरासारखे ओरडत असताना त्याने रांगत जाऊन वेल्डिंग मशीनचा खटका पाडला.

साहेबाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

संध्याकाळी बहीण दारात उभी राहिली.

"साहेबाला विचारलं मी. म्हणाला, पेटतं खरं, पण म्हणून इतकं मारायचं नव्हतं."

"हो, ताई."

"डावा हात दिसला नाही तुला?"

"होल्डर उजव्यात होता."

तिने खाडकन त्याच्या तोंडात मारली. मग आत आली, दिवा जवळ ओढला आणि त्याच्या कानावरची रक्ताने चिकटलेली पट्टी सोडवू लागली.