शिवलेला करारनामा

“पोरी, कागदाला लोखंड टोचू नकोस. गंजतं, नि गंज अक्षरं खातो.” डिंकाच्या वाटीत बोट बुडवून बाप तीस वर्षांपूर्वी म्हणाला होता. तो आवाज सुईताईच्या कानात असा रुजला की घरात आलेल्या कागदाची टाचणी ती आधी उपटायची, मग दोरा ओवायची.

तिथेच घात झाला.

वादळाने तिच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याचं छप्पर उडवलं, तेव्हा विमा कंपनी म्हणाली, पत्रे जुनेच होते. वर्षभर भांडण चाललं. शेवटी मध्यस्थासमोर तडजोड झाली: कंपनीने दोन महिन्यांत नवं छप्पर घालून द्यायचं. पाच पानं, दोन प्रती, शेवटच्या पानावर सह्या. आपली प्रत सुईताईने घरी आणून पांढऱ्या दोऱ्याने शिवली, लेकराचं अंगडं शिवावं तशी.

दोनाचे सात महिने झाले. छप्पर आलं नाही. ताडपत्रीखाली दाबयंत्र गंजलं, गिऱ्हाइकं पांगली. अजून एक पावसाळा असा गेला तर कारखाना कायमचा मिटणार होता. म्हणून तडजोडीची अंमलबजावणी व्हावी असा अर्ज तिने कोर्टात केला.

आज कंपनीचे वकील ऐटीत उठले. “आमची प्रत सापडत नाही. अर्जदारांची प्रत टाचणी काढून शिवलेली आहे. मधलं पान बदललंय. छप्पर आम्ही कबूलच केलं नव्हतं.”

“वहिनी, सुई दिसली की तुला राहवत नाही,” शेजारी बसलेली नणंद पुटपुटली. “आता भोग.”

सुईताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर नाक घासायला लावलं, वर चोर ठरवतात!

“का शिवलंत?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“हाताची सवय, बाईसाहेब. पण पानं उजेडाला धरा. टाचणीची जुनी भोकं पाचही पानांत एकावर एक येतात.”

बाईंनी खिडकीकडे पानं धरली. कोपऱ्यात उजेडाचे दोन बारीक ठिपके चमकले.

वकील हसले. “भोकं काय, सुईनेही पाडता येतात.”

मग सुईताई त्यांच्या मागे बसलेल्या माणसाकडे वळली. कंपनीचा अधिकारी तो, तडजोडीवर सही त्याचीच. सकाळपासून मान खाली घालून बसलेला.

“साहेब, सहीच्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता म्हणून तिसरं पान तुम्हीच मोठ्याने वाचलंत.”

“हरकत आहे!” वकील ओरडले. “मध्यस्थीतलं बोलणं बाहेर काढता येत नाही.”

“मग छप्पर कुठे घालणार होतात? आतल्या आत?” कोर्टात खसखस पिकली, पण सुईताई हसली नाही. ती पुन्हा अधिकाऱ्याकडे वळली. “मी भीक मागत नाहीये, साहेब. पान मी बदललं असेल, तर वकिलांच्या तोंडून नको. माझ्याकडे बघा आणि तुम्ही म्हणा.”

अधिकारी उठला. वकिलांनी त्याची बाही ओढली. त्याने ती हळूच सोडवून घेतली.

“प्रत हरवलेली नाही,” तो म्हणाला. “माझ्या कपाटात आहे. पान हेच आहे, शब्दन् शब्द. सापडत नाही म्हणून सांग, असं मला वरून सांगितलं होतं.”