भिवराबाईंनी ओतलेलं पाणी

माझ्या अंगावरच्या पोच्यांना हसू नका, मित्रांनो. मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि मला माझ्या नोकरीचा अजून अभिमान वाटतो.

कडा गावच्या बाजारात मी दुकानात धूळ खात पडलो होतो. सरबताची स्वप्नं बघत होतो, पण नशिबी आला दवाखाना! ऊसवाल्यांच्या सहकारी संस्थेने तो उघडला होता. तिथे उपचार करणाऱ्या अंजनाताई अर्धांगवायू झालेल्यांचे हात तपासत. ठोकळा उचला, चेंडू धरा, हात डोक्यामागे न्या. मग माझी पाळी. मला उचलून माझ्यातलं पाणी माझ्या जोडीदार पेल्यात ओतायचं. कोणतं बोट राबतंय आणि कोणतं अंग चोरतंय, हे मला लगेच कळे. कुणाला नीट ओतता आलं की खोलीत टाळ्या पडत आणि मी उगाच भाव खाई.

मग पावसाने दडी मारली. त्याच वर्षी भिवराबाई आल्या. अंगावरून वारं गेलं आणि त्यांचा ऊस तोडणारा उजवा हात लुळा पडला होता. महिनोन् महिने त्यांनी तो हट्टाने हलता केला. दिवाळीनंतर त्यांचा नवरा उत्तरेश्वर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार होता. हात कामाचा ठरला तर त्या आपल्या घरी राहणार, नाहीतर तेलगावला भावाच्या दारी. तिथे आश्रित होऊन राहायला त्या बिलकूल तयार नव्हत्या.

ठोकळा, चेंडू, सगळं झालं. मी पुढे आलो आणि त्यांनी हात मागे घेतला. ताईंनी पुन्हा सांगितलं, तरी नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू!

"अजून जमत नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"मंग टोळी निघायच्या आधी हिला भावाकडं सोडतो," उत्तरेश्वर म्हणाला.

भिवराबाई उसळल्या. "हात चालतोय की! पर सांडलं तर? आमच्या गावात टँकरची वाट बघून डोळे दुखतेत. तुमच्या तपासणीपायी पाणी भुईवर घालू व्हय?"

माझा राग पार विरला. ताईही ओशाळल्या. "हे मी आधी विचारायला हवं होतं," म्हणत त्यांनी खाली स्वच्छ परात ठेवली.

भिवराबाईंनी मला घट्ट धरलं. पहिल्यांदा त्यांचं सगळं अंगच कलंडलं आणि थोडं पाणी परातीत पडलं.

"अंग नको, मनगट वळवा," ताई म्हणाल्या.

त्यांनी सगळा जोर मनगटात आणला. हळूहळू ते वळलं. धार सरळ जोडीदारात पडली, थेंबही सांडला नाही.

आता माझ्या जागी प्लास्टिकचे पेले आले आहेत. मी कपाटात असतो. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं मागणं आहेच. पण कुणी हात मागे घेतला, तर 'जमत नाही' म्हणण्याआधी त्याला कारण विचारा.

त्या दिवशी भिवराबाईंनी त्याच उजव्या हाताने भरलेला पेला नवऱ्यापुढे धरला.

"घ्या, प्या. अन् भावाला निरोप धाडा, मी येत न्हाई म्हणावं."