सांगवीच्या भोंग्याचा सूड

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी नम्र असावं, मागचं विसरून सगळ्यांना क्षमा करावी, अशी रीत आहे म्हणतात. ती रीत माझ्याच्यानं पाळली जाणार नाही. सांगवीच्या चौकात दूध डेअरीसमोर एक लोखंडी खांब आहे, त्यावर मी राहतो. माझ्या तोंडाच्या कडेला एक मोठा पोचा दिसेल तुम्हाला. तो कुणी पाडला, ते पुढं येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पुण्यातलं बुधवार पेठेचं दुकान आणि माझ्या पाठीवर टिचक्या मारून आवाज पारखणारा सिकंदर. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि त्यानं 'सिकंदर साउंड सर्व्हिस' अशी पाटी रंगवून घेतली होती. आम्ही मिळून लग्नं केली, बारशी केली, उरूस केले, कुस्त्यांचे फड गाजवले. पुढं डेअरीनं मला कायमचं भाड्यानं घेतलं आणि या खांबावर चढवलं. वायर डेअरीच्या मागच्या खोलीत गेली, तिथं बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर आणि माइक. बोलायचा मात्र सिकंदरच.

बोलण्याआधी तो माइकवर दोनदा फुंकर घालायचा आणि आपलं नाव सांगायचा. "मी सिकंदर बोलतोय. कालव्याला उद्या पाणी सुटणार हाय." "मी सिकंदर बोलतोय. जनावरांचा डॉक्टर आलाय, लाळ्या-खुरकताची लस टोचून घ्या." कुणाची कालवड चुकली, कुणाच्या घरी दुःखद घटना झाली, सगळं माझ्या तोंडून गावाला कळायचं. पूर आला त्या वर्षी नदीकाठची वस्ती आम्ही दोघांनी ओरडून ओरडून उठवली. त्यानंतरच्या दसऱ्याला डेअरीला दूध घालणाऱ्या द्वारकाबाईंनी माझ्या खांबाला झेंडूचा हार घातला. गावात कुणी काही सांगितलं आणि समोरच्याला खरं वाटेना, की तो विचारायचा, "भोंग्यावर सांगितलं का?" एवढी माझी पत होती, मित्रांनो. पैशानं असली पत विकत मिळत नाही.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. डेअरीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि माझं काम संपलं. माझ्या तोंडात साळुंकीनं घरटं केलं, पाठीमागे गांधीलमाश्यांनी पोळं लावलं. माइकची कळ झिजली. ती सरकवून बंद केली तरी माइक चालूच राहायचा. दुरुस्तीला खर्च कोण करणार? सिकंदरनं सोपा उपाय काढला. बोलणं झालं की तो माइकची पिनच उपटून ठेवायचा. ही गोष्ट त्याला ठाऊक होती आणि मला. हे लक्षात ठेवा.

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण व्हायची. दिवाळीच्या तोंडावर डेअरीचा बोनस जाहीर व्हायचा, तो माझ्यावरूनच. इथं घरोघरी गाई. वर्षभर खंड न पाडता दूध घातलं, की लिटरमागे काही पैसे जास्तीचे मिळतात. ही कुणाची मेहेरबानी नाही. लोकांनी आधी घातलेल्या दुधाचंच ते असतं. म्हणून आमच्याकडे बोनस म्हटलं की कुणी शंका घेत नाही. पिशवी घेऊन येतात आणि पैसे घेऊन जातात.

नेमकं हेच दिग्विजयनं हेरलं. दिग्विजय म्हणजे द्वारकाबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. राहायला इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला. मागच्या दिवाळीत तो कडक इस्त्रीत आला, सिकंदरच्या हातात मिठाईचा डबा ठेवला आणि म्हणाला, "सिकंदरभाई, डेअरीचा बोनस सांगून झाला की लगेच आमचाबी सांगा. नवीन ॲप हाय. नाव नोंदवलं का बोनस. एक रुपया भरायचा न्हाय." सिकंदरनं विचारलं, "कशाचं ॲप?" तो म्हणाला, "खेळाचं. पोरंसोरं खेळत्यात तसलं." सिकंदरनं दोनदा फुंकर घातली, आपलं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडून तो फुकटचा बोनस गावभर वाटला.

माझ्या तोंडून! ज्या तोंडानं मी पुरात माणसं उठवली, त्याच तोंडून.

द्वारकाबाईंना मूलबाळ नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोडं रान आहे, ते वाट्यानं दिलेलं. आपलं म्हणावं अशी एकच, हरणी नावाची गाय. घरात बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून त्या हरणीशीच बोलतात, भाजीला मीठ जास्त पडलं तरी तिलाच सांगतात. दिग्विजयनं आपला जुना फोन मावशीला दिवाळीची भेट म्हणून दिला, त्यात ते ॲप टाकून दिलं आणि पाया पडून गेला. पडद्यावर एक रंगीत चाक फिरायचं आणि वरच्या कोपऱ्यात बोनसचा आकडा झळकायचा. आकडा दिसायचा खरा, पण निघायचा नाही.

बाईंनी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, खेळ पुरा केल्याशिवाय बोनस सुटत न्हाय. नियम हाय तसा."

आणि इथंच घात झाला. द्वारकाबाईंना तो नियम अगदी ओळखीचा वाटला. डेअरीचाही तसाच नियम आहे ना! वर्षभर नेमानं दूध घाला, मग बोनस घ्या. त्यांना वाटलं, हाही एक रतीबच. मग त्या तो रतीब घालू लागल्या. सकाळी दूध घातलं की माझ्या खांबाखालच्या पारावर बसायचं आणि चाक फिरवायचं. संध्याकाळी दूध घातलं की पुन्हा तेच. त्यात त्यांना ना हौस होती ना मजा. शेण काढावं, वैरण टाकावी, तसं ते एक काम. कुणी हाक मारली तर म्हणायच्या, "थांब गं, तेवढं खेळायचं उरकती."

मी वरून रोज बघत होतो. सुरुवातीला चाक थोडंथोडं द्यायचं आणि मग दिलेलं सगळं गिळायचं. बोनस संपत आला की नवा निरोप यायचा, पैसे भरा, तेवढाच बोनस आम्ही घालतो. बाई दुधाचा पगार भरायच्या. मग कळायचं, आता बोनस तर नाहीच, पण स्वतःचे भरलेलेही बाहेर निघत नाहीत, खेळ पुरा होईपर्यंत दोन्ही अडकलेले. मधेच मुदत संपायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हरणीची पेंड बंद झाली. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि दूध आटलं. हे सगळं मी माझ्या बंद तोंडानं बघितलं, मित्रांनो. तेव्हापासून माझ्या पोटात आग आहे.

सिकंदरची बायको शबाना चौकातच शिलाईचं दुकान चालवते. तिनं एकदा बाईंच्या हातून फोन घेतला आणि नियमांची बारीक अक्षरं वाचून काढली. तिचा चेहरा उतरला. "मावशी, ह्यात लिवलंय की बोनसच्या वीसपट पैसं लावल्याबिगार काय निघत न्हाय. आन ते बी सात दिसांत. कुणाला जमल हे? हे द्यायसाठी न्हाय वो, घ्यायसाठी हाय."

"आगं, माझ्या बहिणीचं लेकरू हाय ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन सिकंदरनं भोंग्यावर सांगितलंय. तो काय खोटं सांगल व्हय?"

सिकंदर दुकानाच्या दारातच उभा होता. तो घरात गेला आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

गुढीपाडवा जवळ आला आणि गावात बातमी पसरली, की द्वारकाबाई हरणीला विकणार. एवढी एक रक्कम भरली की खेळ पुरा होईल आणि अडकलेलं सगळं एकदम सुटेल, असं भाच्यानं सांगितलं होतं. टेम्पोही तोच घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बारामतीच्या बाजारात जायची होती. त्या संध्याकाळी तो डेअरीच्या मागच्या खोलीत शिरला आणि सिकंदरला म्हणाला, "पाडव्याची ऑफर आलीया, डबल बोनस. सांगा की भोंग्यावर."

"माझ्या नावानं आता न्हाय सांगणार," सिकंदर म्हणाला. "आन तूबी सांगू नगं." तो रागानं तडक बाहेर पडला. पिन उपटणारा माणूसच निघून गेला.

दिग्विजयनं स्वतःच माइक घेतला, डबल बोनसची बढाई मारली आणि ऐटीत कळ सरकवली. त्याच्या मते माइक बंद झाला. तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर धडधडायला लागला, दूध थंड करायची टाकी घुमायला लागली. आत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. त्याचा फोन वाजला आणि तो माइकशेजारीच बसून ओरडून बोलू लागला.

मी जुना आहे. एरवी माझ्या बोलण्यात निम्मी खरखर असते, मधेच शिट्टी वाजते. त्या संध्याकाळी मी खरखर गिळली. शिट्टी दाबून धरली. त्याचा एकेक शब्द घासूनपुसून चौकात टाकला.

"व्हय साहेब, सांगवी जोरात हाय! ... न्हाय वो, पैसं कुणाचं निघत्यात? निघालं तर आपल्याला काय ऱ्हायलं? ... फुकटचा बोनस दावला का माणूस सवताचा पैसा वतत ऱ्हातो! ... म्हातारी? ती उद्या गाय इकतीया, ते पैसं बी हितंच येणार. ... तिनं हारलं का माझा वाटा लगीच टाका, मागल्यागत लटकवू नगा. ... आवो मावशीच हाय माझी, जाती कुठं!"

पारावर सगळे किटल्या घेऊन डेअरी उघडायची वाट बघत बसले होते. द्वारकाबाई माझ्या अगदी खाली उभ्या होत्या. त्यांनी किटली जमिनीवर ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं, दसऱ्याला हार घालताना बघितलं होतं तसं. शबाना दुकानाच्या दारात फोन उंच धरून उभी होती. तिनं सगळं रेकॉर्ड केलं होतं.

दिग्विजय बाहेर आला तो हसतच. समोर अख्खा चौक त्याच्याकडे बघत उभा.

"दिग्या," द्वारकाबाई म्हणाल्या, "टेम्पो रिकामाच घिऊन जा. माझी हरणी कुठं जात न्हाय."

"मावशी, आगं गंमत..." एवढं बोलून तो थांबला, कारण 'गंमत' हा शब्दही माझ्यातून चौकाला पुन्हा ऐकू आला. सिकंदर आत जाऊन माइक घेऊन बाहेर आला होता आणि त्यानं तो दिग्विजयच्या तोंडासमोर धरला होता. लोक हसले. दिग्विजयनं खाली वाकून धोंडा उचलला आणि मला मारला. हा पोचा तोच. मी तो दागिन्यासारखा मिरवतो.

हरणी वाचली. गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. तक्रार दिली, पण ॲपचा मालक कुठल्या देशात बसलाय तेच कळेना, आणि थोड्या दिवसांत ॲपनं नावही बदललं. तेवढ्यावर विषय संपला असता, तर मीही कदाचित गप्प बसलो असतो. पण दिग्विजयनं वरकुट्यात जाऊन सांगितलं, की मावशीला जुगाराचं वेड लागलं, घरातलं सगळं उधळलं आणि आता माझ्यावर आळ घेती. त्याच्या आईनं, राजलक्ष्मीनं, बहिणीशी बोलणं टाकलं. द्वारकाबाईंना माणसांत एवढं एकच माहेर उरलं होतं. त्या फोन लावायच्या, पलीकडून उचललाच जायचा नाही. पैसे गेले तेव्हा न रडलेली बाई त्यासाठी पारावर बसून रडली, आणि मला उरलेला सूड घ्यावासा वाटला.

सिकंदरलाही तसंच वाटलं असणार. त्यानं मला खांबावरून उतरवलं, साळुंकीचं मोकळं घरटं काढलं, मला फडक्यानं पुसलं आणि रिक्षाच्या टपावर घट्ट बांधलं. द्वारकाबाई मागे बसल्या, मांडीवर ॲम्प्लिफायर घेऊन. आम्ही वरकुट्याला पोहोचलो ते बरोबर संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला. तिथल्या डेअरीपुढं रांग लागली होती. सिकंदरनं दोनदा फुंकर घातली.

"मी सांगवीचा सिकंदर बोलतोय. दिवाळीत माझ्या भोंग्यावरनं ज्यानं बोनस वाटला, त्याचंच बोलणं ऐका."

आणि त्यानं शबानाच्या फोनवरचं रेकॉर्डिंग माइकपुढं धरलं. दिग्विजयचा आवाज दिग्विजयच्याच गावात घुमला. निघालं तर आपल्याला काय ऱ्हायलं. म्हातारी. गाय. माझा वाटा. दिग्विजय गल्लीतून पळत आला आणि वायर तोडायला रिक्षावर चढू लागला. तेवढ्यात रांगेतून एक बाई किटली घेऊन पुढं आली आणि त्याच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. ती राजलक्ष्मी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. 'मावशीच हाय माझी' ऐकलं तेव्हा तिच्या हातातली किटली कलंडली आणि दूध पायावर सांडलं. दिग्विजय म्हणाला, "आई, बंद कराय सांग त्यास्नी."

ती त्याच्याकडे वळलीही नाही. रिक्षात बसलेल्या बहिणीशेजारी जाऊन बसली आणि सिकंदरला म्हणाली, "भाऊ, आवाज वाढवा. आन गाडी आमच्या आळीतनं घ्या."

आम्ही आळीतून गेलो, मित्रांनो. दोनदा गेलो.

आता मी परत खांबावर आहे. हरणीच्या बरगड्या पुन्हा झाकल्या गेल्यात. येत्या पावसाळ्याआधी माझी डागडुजी करायची, असं सिकंदरच्या मनात आहे. तुम्ही चौकातून शाळेला जाता, तेव्हा त्याला माझा एक निरोप द्या. मला धुवा, पुसा, रंग द्या, गांधीलमाश्यांचं पोळं काढा. जुन्या वस्तूची जपणूक करावी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण फुकटचा बोनस वाटायला पुन्हा कुणीतरी येणार आहे, दुसरं नाव घेऊन, आणि बोलून झाल्यावर तोही ऐटीत माइक बंद करणार आहे.

माझी कळ तेवढी दुरुस्त करू नका.