मांडीखालचा माईक

जे ऐकू येत होतं

सायरन. इंजिनाची घरघर. कुणीतरी नाक ओढतंय. मग ड्रायव्हरचा आवाज, अगदी घरात बोलावं तसा:

"डुलक्या, अमेरिकेत असतो ना आपण, तर एव्हाना पुढच्या गाडीला मागच्या चाकापाशी हलकेच टेकवली असती. एक गिरकी आणि खेळ खलास."

"आपण कुठे आहोत अमेरिकेत?" हवालदार म्हणाला. गस्तीवर बसल्या जागी झोपतो म्हणून त्याला सगळे डुलकी म्हणायचे. आत्ता मात्र त्याची झोप पार उडाली होती. "जरा हळू घ्या हो. शाळेचा रस्ता लागेल पुढे."

"माहितीये. कंट्रोलनं थांब म्हटलं की थांबू."

कंट्रोल रूममध्ये हे सगळं स्पीकरवर स्वच्छ ऐकू येत होतं. नाक ओढल्याचंसुद्धा.

जे ऐकू जात नव्हतं

[गाडी चार, थांबा. पाठलाग सोडा. शाळा सुटायची वेळ झालीये. गाडी चार!]

[गाडी चार, थांबा.]

[अहो, थांबा ना!]

तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून 'अहो' निघून गेलं. पण त्यानं काही बिघडलं नाही, कारण पहिले दोन निरोपही कुठे पोचले नव्हते.

वायरलेसचं असं असतं: एका वेळी एकानंच बोलायचं. एकाचं बटण दाबलेलं आहे तोवर बाकीच्यांनी कितीही घसा फोडला तरी आवाज आपल्याच खोलीत राहतो. गाडी चारमध्ये माईक अडकवायचा आकडा मोडला होता. ड्रायव्हर माईक मांडीवर ठेवायचा, हे सगळ्या ठाण्याला माहीत होतं. गाडी वेगात वळली, माईक घसरला, मांडीखाली गेला, बटण दाबलं गेलं. आणि ड्रायव्हर वजनानं चांगला भारदस्त.

कंट्रोल म्हणजे त्याची बायको.

घरी, कुठल्याही दिवशी, जेवताना

"ही मीठदाणी म्हणजे चोर."

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "भाजी अळणी झालीये."

"आई, थांब गं. हे बघ. ब्रिटनमध्ये काय करतात? तीन गाड्या. एक पुढे जाते, एक बाजूला येते, एक मागे." तीन चमचे मीठदाणीला चिकटले. "मग तिघी मिळून वेग कमी करत आणतात. चोराला जायला जागाच नाही."

"आणि जपानमध्ये?" बायकोनं विचारलं. तिला उत्तर पाठ होतं. त्याला सांगायला आवडतं म्हणून ती विचारायची.

"जपानमध्ये भोंग्यावरून सांगतात, गाडी बाजूला घ्या. सभ्यपणानं."

"घेतात?"

"घेणारे घेतात. इटलीत तर पोलिसांकडे लॅम्बोर्गिनी आहे. एवढी धावणारी गाडी, आणि तिचं नाव कशासाठी झालं? एका गावाहून दुसऱ्या गावी किडनी पोचवली म्हणून."

"चांगलंच केलं की."

"चांगलंच. पण पाठलाग म्हणून..."

"आणि सोडून देतात ते देश कुठले?"

"आहेत ना. धोका दिसला की सोडायचं असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडेही आहे. पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार? गाडी हळू झाली, बाजूला उभी राहिली. संपला व्हिडिओ."

सासूबाईंनी तीन चमच्यांच्या मधून मीठदाणी उचलून घेतली.

घरचा कायदा

दोघांची नेमणूक एकाच ठाण्यात झाली तेव्हा साहेब म्हणाले होते, "संसार घरी ठेवायचा." दोघांनी ते मनावर घेतलं. वायरलेसवर ती कंट्रोल, फोनवर ती बायको. कामाचं बोलणं फोनवर नाही, घरचं बोलणं वायरलेसवर नाही.

याला एक पोटकलम होतं, ते कुणी ठरवलं नव्हतं. त्यानं फोन उचलला नाही तर ती पुन्हा करायची नाही. फुगून बसायची. मग त्यानं करायचा, आणि आधी जरा ऐकून घ्यायचं.

पुन्हा स्पीकर

"वळला! डावीकडे वळला! अरे, इंडिकेटर दाखवून वळला हा!"

लाल गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. टपावर 'शिकत आहे, सांभाळून' अशी पाटी. शिकवणारे पाणी प्यायला उतरले, किल्ली गाडीतच राहिली, आणि कुणीतरी ती घेऊन सुटलं होतं.

डावीकडे म्हणजे शाळेचाच रस्ता. कंट्रोल रूमच्या भिंतीवर नकाशा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या रस्त्यावर आइसफ्रूटची गाडी कुठे उभी राहते, मुलं न बघता कुठे पळत सुटतात, हे तिला नकाशाशिवाय दिसत होतं.

"डुलकीला फोन लाव," साहेब म्हणाले.

टेबलावर, तिच्या कोपराशी, डुलकीचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या फोनवरून चौकातल्या ट्रॅफिकवाल्याला गाठायला लागले.

मग तिनं नवऱ्याला फोन लावला.

खोलीतल्या सगळ्यांनी तो स्पीकरवर वाजताना ऐकला.

"वहिनींचा आहे," डुलकी म्हणाला. "घेऊ?"

"हात लावू नकोस. कामाचं असतं तर वायरलेसवर आली असती. दूध आणा म्हणेल."

"कंट्रोल काहीच कसं बोलत नाहीये?"

"बोलत नाही म्हणजे चालू ठेवा."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. फोन वाजून वाजून थांबला.

तिनं परत लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"परत?" ड्रायव्हर म्हणाला. इंजिनाचा आवाज चढलेलाच होता. "परत कशी करेल ती?"

"वाजतोय खरा."

"ती दुसऱ्यांदा करत नाही रे. जीव गेला तरी करत नाही."

फोन थांबला.

तिसऱ्यांदा.

"आईला काहीतरी झालं," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

मग स्पीकरवर ब्रेक. टायर. डुलकीचं "अगं आई गं". सायरन गळा दाबल्यासारखा बंद. इंजिन नुसतं धुसफुसत उभं.

शाळेच्या आधीचं वळण अजून यायचं होतं.

दोन आवाजांत एकच माणूस

"हॅलो? काय झालं गं? आई पडली का?"

तो तिला कानातही ऐकू येत होता आणि मागोमाग स्पीकरवरही.

"आई बऱ्या आहेत. गाडी उभी आहे?"

"उभी आहे. कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

"कुठेही नाही. आई घरी टीव्ही बघतायत. अहो, मांडी उचला."

"काय?"

"मांडी उचला म्हणते. खाली माईक आहे."

खसखस. डुलकी म्हणाला, "अरे देवा." खट्. स्पीकर शांत झाला, आणि ती शांतता इतकी चांगली वाटली की साहेब हातातला फोन तसाच धरून खुर्चीत बसले.

तिनं आपला फोन ठेवला. वायरलेसचं बटण दाबलं. आवाज बसला होता, तरी नियम म्हणजे नियम.

"गाडी चार, कंट्रोल."

"बोला कंट्रोल."

"पाठलाग सोडा."

"सोडला." मग पुन्हा बटण दाबून: "कंट्रोल, कधीपासून ऐकताय?"

"अमेरिकेपासून."

चौकातून

"साहेब, लाल गाडी ना? शिकाऊ पाटीवाली? माझ्यासमोरच उभी आहे."

"उभी आहे म्हणजे?"

"सिग्नल लाल आहे ना, साहेब. शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती, त्यांच्यासाठीही थांबला होता म्हणे. हळूहळू चालवत आला."

"किल्ली काढून घे आधी!"

"घेतली. त्यानंच देऊन टाकली. फक्त एक विचारतोय."

"काय?"

"मागची गाडी गेली कुठे, म्हणतोय. ती दिसेनाशी झाल्यावर त्याला ब्रेक सापडला."

साहेब आधी हसले नाहीत. मग पोट धरून हसले.

घरी, त्याच दिवशी, जेवताना

"मला कुठल्या दवाखान्यात नेलं होतंस म्हणे?" सासूबाईंनी विचारलं. बातमी डुलकीनं पोचवली होती.

"खा ना आई."

"मी पडले कुठे, तेवढं तरी सांग. न्हाणीघरात?"

बायकोला हसू आलं, पण घशातून नुसती हवा निघाली. रिकाम्या माईकवर ओरडून तिचा आवाज पार गेला होता. तिच्यासमोर गरम पाण्याचा पेला होता. तो त्यानंच आणून ठेवला होता, आणि तिच्याकडे सरळ बघायचं टाळत होता.

"तू गप्प होतीस," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, जा म्हणतेयस."

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"यापुढे तू गप्प असलीस की मी थांबणार. आकडा उद्याच बसवून घेतो. तोवर गाडी बाहेर काढत नाही. साहेबांना तसं सांगून आलोय."

तिनं एक चमचा उचलून मीठदाणीच्या मागे ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चमचा जरा पुढे ढकलला. मग थांबवला. बाजूला घेतला, ताटाच्या कडेला टेकवून ठेवला.

"संपला व्हिडिओ," तो म्हणाला.

"दूध आणलंस का?" सासूबाई म्हणाल्या.

तो उठला, चप्पल घातली आणि पायीच गेला.