चार मॅचचे दोन दिवस

अमेरिकन फुटबॉलच्या बादफेरीत आठ टीम उरल्या होत्या आणि त्यांत आपली होती. एवढ्यावर सगळं लॅकवाना गाव आठवडाभर जगलं. शनिवारी दोन मॅच, रविवारी दोन; आपली रविवारी दुपारी तीनला. लेन पाझदुरनं नगरपालिकेच्या गॅरेजात आधीच कळवून टाकलं होतं की बर्फ कितीही पडो, या दोन दिवसांत ट्रक बंद पडला तर दुसऱ्याला बोलवा. तीस वर्षं तो बर्फ ढकलणारे ट्रक दुरुस्त करत आला होता आणि तीस वर्षं जानेवारीतले हे दोन दिवस त्यानं कुणाला दिले नव्हते.

त्याची बायको बर्नडेट वृद्धाश्रमात नर्स होती. तिनं दोन्ही दिवसांच्या शिफ्ट मागून घेतल्या होत्या. फुटबॉल बघणं तिनं नऊ वर्षांपूर्वी सोडलं होतं. टीव्हीवर मॅच लागली की ती दुसऱ्या खोलीत जात नसे, घराबाहेरच पडत असे.

वरच्या खोलीत त्यांचा मुलगा कर्ट राहायचा. वय तीस. कॉलेजच्या टीममध्ये तो बचावफळीच्या मधोमध उभा राहायचा. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम, आणि त्यात तो वाकबगार होता. आता त्याचं डोकं दुखायचं, दिवसच्या दिवस. बोलता बोलता शब्द हरवायचे. राग आला की भिंतीवर मूठ बसायची आणि मग तो तास तास त्या मुठीकडे बघत राहायचा. लाकडाच्या वखारीतली नोकरी गेली, बायको लहान मुलीला घेऊन रॉचेस्टरला माहेरी गेली. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या या आजाराचं खात्रीनं निदान मेंदू उघडूनच करता येतं, म्हणजे माणूस गेल्यावर. बर्नडेटनं हे उभ्यानं ऐकून घेतलं आणि नंतर तासभर गाडीत बसून राहिली.

या सगळ्याला जबाबदार कोण, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. कॉलेजचा कोच, हॅगर्टी. डोक्याला मार लागून कर्ट मैदानावर बेशुद्ध पडला होता, डॉक्टरनं उरलेला सगळा हंगाम खेळू नको म्हणून बजावलं होतं, आणि त्या माणसानं दोन आठवड्यांत पोराला पुन्हा मैदानात उतरवलं. त्या दुसऱ्या मॅचमध्ये कर्टला आणखी दोनदा मार बसला. बर्नडेटनं कॉलेजला पत्रं लिहिली, चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, एकदा तर दुकानात भर गर्दीत हॅगर्टीच्या बायकोला धरून बोलली. अशा वेळी लेन खाली मान घालून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, बापाला बोलवत नाही बिचाऱ्याला.

शनिवारची पहिली मॅच कर्टनं बापाशेजारी बसून बघितली. बरा दिवस होता त्याचा. कोण खेळतंय, असं त्यानं विचारलं, लेननं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नेमका कुणाच्या तरी हातून चेंडू सुटला होता आणि लेन पुढे झुकला होता. पडद्यावर लिहिलंय, वाच की, असं तो मान न वळवता म्हणाला. कर्टनं डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं, मग उठून वर निघून गेला.

दुसरी मॅच लेननं आवाज बंद करून बघितली. ज्यांनी हरावं असं त्याला वाटत होतं ते हरले. पुढच्या आठवड्यात आपल्याला ते जड गेले असते. त्याला आनंद झाला. पोरगा वर अंधारात पडलाय हे माहीत असूनही झाला, अगदी आतून झाला, आणि त्यानं उठून आणखी एक बीअर काढली.

रविवारी शेजारचा ओडेल कोंबडीच्या तिखट पंखांचा मोठा डबा घेऊन आला. उभी हयात पोलादाच्या गिरणीत घालवलेला माणूस. गिरणी बंद पडली, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत होती. पूर्वी या खोलीत दहा-बारा जण दाटीवाटीनं बसायचे. कर्टचं असं झाल्यापासून एकेक करत सगळे कमी झाले, ओडेल तेवढा राहिला. लेनचा तो विटका निळा स्वेटर बघून तो म्हणाला की टीम जिंकेल तेव्हा जिंकेल, आधी हा धुवायला टाक.

मध्यंतरापर्यंत आपण चार गुणांनी मागे होतो. लेन खुर्चीत सारखा चुळबुळत होता. पुन्हा खेळ सुरू झाला आणि समोरच्यांच्या एका पोरानं उडी मारून चेंडू झेलला. त्याचे पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच आपल्या माणसानं धावत येऊन त्याला डोक्यानं धडक दिली. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज टीव्हीतूनसुद्धा आला. चेंडू सुटला, आपल्यातल्या एकानं उचलला आणि पळत सुटला. लेन आणि ओडेल दोघंही उभे राहून ओरडत होते. लेननं तर हातातला कोंबडीचा पंख टेबलावर फेकून ओडेलला मिठी मारली.

मग कॅमेरा मागे वळला. तो पोरगा उताणा पडला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून ताठ वर उभा होता, बोटं वाकडी, जणू तो हात त्याचा नव्हताच. स्टेडियम हळूहळू गप्प झालं.

"माझा पण असाच झाला होता ना?"

कर्ट जिन्यात उभा होता. कधी आला कुणाला कळलं नव्हतं. कर्ट बेशुद्ध पडला त्या मॅचला लेन पाचव्या रांगेत होता. हात त्यानं बघितला होता.

कर्ट उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आला. "मला ती मॅच आठवत नाही बाबा. त्याच्यानंतरची पण नाही. पण मधलं काहीतरी आठवतं. गाडीत होतो आपण. मी तुला काहीतरी विचारलं होतं."

ओडेलनं टीव्हीचा आवाज कमी केला.

लेनला खोटं बोलता आलं असतं. नऊ वर्षं तो न बोलता खोटंच बोलत होता. आठवण पोराच्या डोक्यातून पुसली गेली होती आणि गाडीत तिसरं कुणी नव्हतं. पडद्यावर त्या मुलाला पट्ट्यांनी बांधून स्ट्रेचरवर घेत होते. त्याच्या टीममधले गुडघे टेकून बसले होते.

"तू म्हणालास, डॉक्टर नको म्हणतोय, काय करू," लेन म्हणाला. "मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतं. बादफेरी आहे. आयुष्यात एकदाच येते. खेळ."

"मला खेळायचं होतं?"

"नाही. तू म्हणालास, मला भीती वाटतेय."

कर्टनं मान हलवली, जसं कुणी रस्ता समजावून सांगितल्यावर हलवतो. बूट घातले, कोट घातला, आणि बाहेर जाऊन दारासमोरचा बर्फ उपसायला लागला. फावड्याचा आवाज नेमानं येत राहिला. ओडेल खिडकीशी जाऊन उभा राहिला, पोराकडे बघत. न वळता तो म्हणाला, "हे तू तिला सांगितलेलं नाहीस." लेन म्हणाला, नाही. "मग मला आधी सांगायला नको होतंस," असं म्हणून ओडेलनं टोपी उचलली. डबा तिथंच ठेवून तो गेला.

आपण सहा गुणांनी जिंकलो. गल्लीभर गाड्यांचे भोंगे वाजले, कुणीतरी दारात येऊन पातेलं बडवलं. लेन खुर्चीतच होता. चौथी मॅच सुरू झाली, ती त्याच्यासमोर चालू राहिली.

सातच्या सुमाराला बर्नडेट आली. कर्ट बाहेर इतका वेळ का राबतोय, असं तिनं विचारलं, आणि लेननं तिचा कोट उतरायच्या आधी सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर तिनं टीव्ही बंद केला आणि कप्प्यातून जुनी वही काढली. तिच्यात हॅगर्टीचा नंबर होता. एके काळी ती त्याला फोन करकरून शिव्या द्यायची.

"लाव," ती म्हणाली. "मला ऐकू येईल असा लाव."

म्हाताऱ्यानं लगेच उचलला. मागं मॅच चालू होती. लेननं नाव सांगितलं, काय केलं होतं ते सांगितलं, आणि माफी मागितली. पलीकडे मॅचचा आवाज बंद झाला.

"मला माहीत होतं," हॅगर्टी म्हणाले. "पोरगा तेव्हाच बोलला होता मला. बाबा म्हणतायत खेळ, पण मला भीती वाटते. हेच शब्द. आणि मी त्याला उतरवलं, कारण त्याच्याशिवाय आम्ही हरलो असतो." मग त्यांनी विचारलं, "कसा आहे तो?"

फोन बर्नडेटनं घेतला. नऊ वर्षं ती ज्या माणसावर तुटून पडत आली होती त्याला तिनं सपाट आवाजात सगळं सांगितलं. डोकेदुखी, भिंती, रॉचेस्टर, डॉक्टरचं ते वाक्य. दोष कुणालाच दिला नाही. फोन ठेवून झाल्यावर तिनं टेबलावरची हाडं गोळा केली, टेबल पुसलं आणि लेनला म्हणाली, "पोरानं दोन-दोन माणसांना सांगितलं होतं, भीती वाटते म्हणून."

त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. कर्ट बापाशी वाईट वागला नाही; चांगलंही वागला नाही. दर मंगळवारी त्याला डॉक्टरकडे न्यायचं काम आता लेनकडे आलं. गाडीत कर्ट मागच्या सीटवर बसू लागला.

पुढच्या रविवारी टीम हरली. लेनला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कुंपणापलीकडून ओडेलनं सांगितलं तेव्हा.